निळ्यावर पांढरं

माझे वडील, आबा, गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी घरी पोचले तेव्हा ते पडवीत फणसाकडे बघत बसले होते. निदान मला तसं वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की ते वाचत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग निकामी झाला होता. जे नीट बघायला जावं ते दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे. म्हणून तोंड फणसाकडे वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते मांडीवरच्या टॅबकडे बघत होते. असं बघायला त्यांना मी शिकवलं नव्हतं.

पायरीवर स्वप्ना टाकळ्याची भाजी निवडत होती. स्वप्ना माझ्या धाकट्या भावाची, अमरदीपची बायको. अमरदीप मुंबईला नोकरीला. ती इथे वाडीत आबांसोबत राहते, सासऱ्यांना मामा म्हणते, आणि मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात जाते.

"मामा, ताई आल्या," ती म्हणाली.

"ओढणी आली," आबा म्हणाले. "तोंड मागनं येत असेल."

दोघंही हसली. हा विनोद त्यांच्यात जुना झालेला असावा, कारण हसू तयारच होतं. मीही हसले. चप्पल काढून आबांच्या शेजारी बसले आणि माझी नजर टॅबवर गेली. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं होती. मी लावून दिलेला निळा रंग कुठेच नव्हता. मी अक्षरं जेवढी मोठी करून ठेवली होती त्याहून ती लहान होती, आणि ओळी एकमेकींपासून इतक्या लांब की दोन ओळींमध्ये आणखी एक ओळ बसली असती.

"हा रंग कुणी बदलला?"

आबांनी खाकरून घसा साफ केला. स्वप्ना म्हणाली, "अपडेट आला की होतो आपोआप कधीकधी."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर पुस्तकं आणि माणसं यांच्यामध्ये बसून असते. दोन माणसं मिळून गप्प बसली की ते गप्प बसणं कसं वेगळं असतं, हे मला कळतं.

"वाचून दाखवा ना, आबा."

आबांनी विहारात वाचतात त्या ग्रंथातलं पान वाचायला सुरुवात केली. बोट ओळीखाली, तोंड फणसाकडे. तीन-चार शब्द, मग थांबणं. एखादं अक्षर निसटलं की मागे जाणं. एकदा तर चुकीचा शब्द वाचून "च्" केलं आणि पुन्हा पहिल्यापासून. आमच्या वाडीतल्या तिसरीतल्या पोरांना आबा शाळेत असं वाचल्याबद्दल बाकावर उभं करत. महिन्यापूर्वी हाच माणूस माझ्या निळ्या पडद्यावरून पाण्यासारखं वाचत होता.

मी टॅब घेतला, सेटिंग उघडलं, मागचा रंग निळा केला, अक्षरं पांढरी केली, आकार दोन पायऱ्या वाढवला आणि टॅब परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आता बघा."

त्यांनी तोंड फणसाकडून वळवलं आणि सरळ पडद्यासमोर धरलं.

"छान आहे," म्हणाले, आणि तो सगळा परिच्छेद एकदाही न अडखळता वाचला.

मी स्वप्नाकडे बघितलं. ती भाजीत बघत होती. मी खूश होऊन, फणसाच्या आठळ्यांची पिशवी घेऊन शहरातल्या नाचणे भागात माझ्या घरी परत आले. वाटेत स्कूटरवर गाणं गुणगुणत होते, हेही आठवतं.

सोमवारी सकाळी स्वप्नाचा फोन आला. परसात तोंड धुताना आबा खाली बसले ते उठलेच नाहीत.

आमच्या वाडीत वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी विहारात बुद्धांच्या धम्माचा ग्रंथ वाचला जातो. त्रिसरण-पंचशील झालं की सगळे पांढऱ्या कपड्यांत खाली बसतात आणि एकजण टेबलाशी बसून वाचतो. माझ्या जन्माच्या आधीपासून ते आबा वाचत. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांचा आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाई. वीज गेली की मी त्यांच्या शेजारी कंदील धरून उभी राहायचे. कंदील धरणारी म्हणून मला मान होता. पण मला कंदील धरायचा नव्हता.

मी नववीत असताना एका पावसाळ्यात आबांचा घसा बसला. विहारात उभं राहून, नुसत्या श्वासाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आज कोण वाचतंय?" मी खाली बघत राहिले. माझं नाव त्यांनी घ्यावं म्हणून वाट बघत होते. हात वर करणं आमच्या घराच्या वळणात बसत नव्हतं. त्यांनी थोडा वेळ थांबून वाडीतल्या रावजीदादांना बोलावलं. रावजीदादांनी निम्म्या ओळी गिळत वाचलं. त्या रात्री मी जेवले नाही आणि पोट दुखतंय असं सांगितलं.

आबांचे डोळे गेल्यावर वाचन अर्थातच रावजीदादांकडे गेलं. डॉक्टर म्हणाले, आता चष्म्याचा उपयोग नाही. आबांनी चष्मा पुसून डबीत ठेवला आणि पुन्हा काढला नाही. मग रोज संध्याकाळी फोनवर मी त्यांना वाचून दाखवू लागले. पेपर, मासिकं, कधी आमच्या ग्रंथालयात आलेलं नवं पुस्तक. ते मध्येच म्हणत, "थांब बाय, ते वाक्य पुन्हा." बाय हे नाव फक्त माझं होतं. त्यांचे डोळे गेल्याचं दुःख मला होतंच. पण त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या, हेही खरं आहे.

टॅब मीच आणला. आता वाटतं, कशाला आणला. पण माझ्या वाचनात आलं होतं की अशा दृष्टीला अक्षरांचा आकार, जाडी, मागचा रंग बदलून पुष्कळ मदत होते. ग्रंथालयात काम करून हे मी आपल्या माणसासाठी करू नये हे बरं दिसेना. आषाढी पौर्णिमेच्या आठवड्यात मी ग्रंथ त्यात चढवला आणि सेटिंग उघडून बसले. रंगांची पट्टी मोठी होती. पांढऱ्यावर काळं, काळ्यावर पांढरं, पिवळं, हिरवं. मी निळा निवडला, आमच्या झेंड्याचा. त्यावर पांढरी अक्षरं. आबांना विचारलं, "बघा, कसं वाटतं?"

आमच्या वाडीत निळ्या रंगाला नको म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आबांचा चेहरा उजळला. "छान आहे," ते म्हणाले. मग पडद्यावरून हात फिरवला. "फार छान आहे."

पौर्णिमेला ते पुन्हा टेबलाशी बसले. विहार भरला होता. समोर टॅबचा निळा उजेड, तो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. रावजीदादा मोठ्यानं म्हणाले, "मास्तर परत आले!" पान सरकवायला शेजारी कुणीतरी हवं होतं. मी रोज शहरातून येऊ शकत नव्हते. स्वप्ना बसली. तिथे बसायला कंदील लागत नव्हता, नुसतं एक बोट पुरत होतं, आणि ते बोट तिचं होतं.

त्यानंतर संध्याकाळचे फोन कमी झाले. "आज मी वाचलं गो," आबा सांगायचे. "स्वप्ना होती." मी म्हणायचे, "अरे वा, छान." मग दोघंही पाऊसपाण्याचं बोलायचो. एकदा मागे स्वप्नाचा आवाज आला, "मामा, डोळे वटारू नका, कडेनं बघा, कडेनं!" आणि आबा खेकसले, "अगो बाय, गप बस की जरा!"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या एका शब्दापाशी बसून होते.

मृत्यूनंतरच्या जलदान विधीला सगळी वाडी आली. अमरदीप मुंबईहून आला होता. बायका येत होत्या आणि स्वप्नाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "सुनेनं लेकीसारखं केलंन हो," जी ती म्हणत होती. लेकीनं कसं केलं ते कुणी म्हटलं नाही. मी चहाचे कप गोळा करत होते. स्वप्ना रडत होती, मोठ्यानं, नाक ओढत, मध्येच कुणाला तरी "साखर कमी आहे का" विचारत. मला तसं रडता येत नाही. तिचं रडणंही मला माझ्याहून जास्त वाटलं. दुःखात कुणी जागा अडवून बसलं असेल तर त्याला उठ कसं म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही.

दुपारी मंडळी गेल्यावर अमरदीप म्हणाला, "ताई, आबांचं तुला काय न्यायचंय ते ने. टॅब मात्र स्वप्नाकडे राहू दे, तिला सवय आहे."

"राहू दे की," मी म्हटलं.

रावजीदादा अजून पडवीतच होते. पायांत चपला अडकवता अडकवता म्हणाले, "वाचन अर्धं राहिलंय. रविवारी पुढं सुरू करू. माझ्याच्यानं आता बसवत नाय. स्वप्ना वाचेल, काय गो? मास्तरांच्या बाजूला तूच बसायचीस."

स्वप्ना माझ्याकडे बघून म्हणाली, "बघू दादा."

ते गेले. अमरदीप आत जाऊन आडवा झाला. पडवीत आम्ही दोघीच उरलो. आबांच्या खुर्चीवर टॅब होता. मी तो सुरू केला. काळ्यावर पिवळं.

मला माहीत होतं की रविवारी मी तो निळा करून गेले होते. आणि सोमवारी सकाळी आबा गेले.

"स्वप्ना, हा पुन्हा पिवळा कधी केलास?"

ती पायरीवर टेकली. खोटं बोलायची तिची तयारी मला दिसली आणि मग ती मोडलेलीही दिसली.

"तुम्ही वळणावरनं दिसेनाशा झालात ना, तेव्हाच. मामाच म्हणाले. बाय गेली का बघ, आणि लाव तुझा पिवळा."

"तुझा पिवळा?"

"असंच म्हणायचे."

"निळ्यावर ते भराभर वाचत होते. मी ऐकलंय. तुझ्या या पिवळ्यानं त्यांना अडखळायला लावलंस तू."

"ताई," ती म्हणाली, "निळ्यावर त्यांना एक अक्षर दिसत नव्हतं."

मी पुन्हा टॅबकडे बघितलं.

"पाठ होतं त्यांना. इतकी वर्षं वाचलेलं. पिवळ्यावर अडखळायचे ते खरंच वाचत होते म्हणून. मला पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी कळलं. टॅबची स्क्रीन झोपते ना, हात नाही लावला की? ती झोपली. पूर्ण काळी. आणि मामा वाचतायत! पान संपल्यावर मला कोपर मारलं, सरकव म्हणून. मी काळ्या काचेवरनं बोट फिरवलं. काय करू? समोर रावजीदादा डोळे मिटून मान डोलावतायत." तिला हसू आलं, तिनं ते तोंडावर हात ठेवून दाबलं, आणि हाताखाली ते दुसरंच काहीतरी झालं. "घरी आल्यावर मी विचारलं, मामा, काय दिसतं तुम्हाला? तर चिडले. मग म्हणाले, धुक्यात गाडीचे दिवे फुटतात ना, तसं दिसतं. सगळं पांढरं फुटलेलं. आणि अक्षरं इतकी मोठी की एक शब्द बघेपर्यंत आधीचा विसरायला होतो."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं, ताईंना फोन करते, त्या बदलतील. म्हणाले, अजिबात नाही. बायनं निळा लावलाय."

पडवीच्या कौलावरून पाणी गळत होतं. आत अमरदीप घोरत होता.

"मग आम्ही बसलो रोज," स्वप्ना म्हणाली. "हा रंग? नको. हा? त्रास होतो. हिरवा? शेवाळ आहे ते, म्हणाले. ठळक केलं तर अनुस्वार गायब, वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. मग ओळी लांब केल्या. आकार कमी केला. किती ओरडायचे! तुला मास्तरीण कुणी केलं, म्हणायचे. एकदा टॅब आपटलाच होता. मग एक दिवस तोंड वळवून बसले आणि एक ओळ वाचली. नवीन. ग्रंथातली नाही हां, पेपरातली. पाठ नसलेली. रत्नागिरीत उद्या पाणी येणार नाही." तिनं नाक पुसलं. "तीच सात-आठ वेळा वाचली. पाणी येणार नाही, पाणी येणार नाही."

ते त्यांनी मला फोनवर सांगितलं नव्हतं. इतक्या संध्याकाळी पाऊसपाण्याचं बोललो, पण ते पाणी येणार नाही हे माझ्यापर्यंत आलंच नाही. मला वाटलं होतं की दुःख वाटेल, लाज वाटेल. वाटला तो फक्त हेवा. स्वच्छ, धारदार, बाकी काही न मिसळलेला. तो आपटलेला टॅब मला हवा होता. ते ओरडणं मला हवं होतं. माझ्या वाट्याला आयुष्यभर आलं ते "छान आहे": माझी मार्कं, माझी नोकरी, मी निवडलेला नवरा, मी लावलेला रंग. खरं ते तिला सांगितलं गेलं. घरातल्या माणसाला खरं सांगतात आणि पाहुण्याला छान म्हणतात. मी पाहुणी कधी झाले तेही कुणी सांगितलं नाही.

"तुला ओरडायचे," मी म्हटलं.

"रोज!"

"मला कधीच नाही ओरडले."

"हो ना!" ती एकदम उसळली. "तुम्हाला सगळं छान. तुम्ही केलेल्या आठळ्यांच्या भाजीत मीठ नव्हतं, तरी छान. आणि मी? इतकी वर्षं या घरात दोन वेळा रांधतेय, एकदा म्हणायचं होतं हो, स्वप्ना, आमटी छान झालीय. मरेस्तोवर नाही म्हणाले." मग ती दचकली, जीभ चावली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवायला हवा म्हणून ठेवला. तो हात तिथे पडून होता आणि मी टॅबकडे बघत होते.

रविवारी मी दुपारीच आले. स्वप्नानं टॅब चार्ज करून ठेवला होता. संध्याकाळी पाऊस थांबला आणि आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेलो. ती टॅब घेऊन पुढे, मी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन मागे. माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. आबांचा फोटो टेबलाच्या एका बाजूला ठेवला होता. तो कुणी ठेवला कोण जाणे, पण त्यात आबांनी चष्मा लावलेला होता आणि ते सरळ समोर बघत होते. शेवटची दोन वर्षं ज्यांनी त्यांना रोज पाहिलं, त्यांना तो माणूस अनोळखी वाटला असता. मला तो ओळखीचा होता.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. रावजीदादा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी हात केला. स्वप्ना उठली, टेबलाशी गेली, टॅब उभा केला, पान उघडलं. टॅब उभा करताना पिवळी अक्षरं मला क्षणभर दिसली, 'पाणी येणार नाही' या ओळीइतकी स्पष्ट. ती खुर्चीत बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिनं बायकांच्या रांगेत मला शोधलं.

"ताई," ती म्हणाली, "मी वाचू ना?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न रीतीचा होता आणि त्याचं उत्तरही रीतीचं ठरलेलं होतं. वाच की, छान वाचतेस. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. चांगलं वळण असलेल्या मुलीचं उत्तर. मी हसायलाही लागले होते. स्वप्ना मान हलवून खुर्ची ओढू लागली.

खुर्चीचे पाय फरशीवर खरखरले आणि मी उभी राहिले.

"नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण तिथली कुजबुज थांबली. "तू नको वाचूस. मला वाचायचंय. मला नववीपासून इथे वाचायचंय, आबा, आणि तुम्ही मला एकदासुद्धा विचारलं नाहीत."